लाल तांदळाची साक्ष

कोरियाच्या युद्धात कामी आलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या हृदयांची शवविच्छेदन करून तपासणी करण्यात आली होती. तिचे निष्कर्ष १९५३ साली प्रसिद्ध झाले आणि वैद्यकाच्या जगात मोठी खळबळ उडाली. या सैनिकांचे सरासरी वय होते अवघे २२ वर्षे. भरतीच्या वेळी धडधाकट ठरलेली, कवायत करणारी, पाठीवर ओझे घेऊन मैलोगणती चालणारी ही पोरे. तरीही दर १०० जणांमागे ७७ जणांच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांमध्ये बिघाडाच्या खुणा सापडल्या. कुणाच्या रोहिणीत नुसता पिवळट पट्टा होता, तर काहींची रोहिणी बरीचशी बुजत आली होती.

रोहिण्या कठीण होणे हा आजोबांचा आजार, असे आपण समजतो. आजोबांना तो साठीच्या आसपास जाणवतो हे खरे. पण त्याचे बी किती लवकर पडते ते या सैनिकांनी दाखवून दिले. ते तुमच्याहून जेमतेम सात-आठ वर्षांनी मोठे होते. तेव्हा या विकारावरच्या औषधांविषयी कोण काय म्हणतो, आणि त्यातले किती खरे मानावे, हा प्रश्न तुमच्याही कामाचा आहे.

आधी विकार समजून घेऊ. मराठी परिभाषेत त्याला ‘रोहिणीविलेपीविकार’ असे भारदस्त नाव आहे. नाव ऐकून घाबरू नका. विलेपी म्हणजे तांदळाची दाट पेज, आजाऱ्याला भरवतात तशी. जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ फेलिक्स मार्शां यांनी १९०४ साली या विकाराला ‘ॲथेरोस्क्लेरोसिस’ हे नाव दिले. त्यातल्या ‘ॲथेरे’ या ग्रीक शब्दाचा अर्थ पेज आणि ‘स्क्लेरोसिस’ म्हणजे कठीण होणे. कठीण झालेली रोहिणी उभी चिरली, तर तिच्या अस्तराखाली खरोखरच पिवळट, पेजेसारखा लगदा दिसतो.

हा लगदा येतो कोठून? त्यातला मोठा भाग कोलेस्टेरॉलचा असतो. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. म्हणून रक्तातून ते प्रथिनांच्या वेष्टनात बांधलेल्या अतिसूक्ष्म गोळ्यांतून प्रवास करते. या गोळ्यांचा एक प्रकार म्हणजे एलडीएल. रक्तात एलडीएल वाढले की त्यातले काही रोहिणीच्या अस्तराखाली शिरते आणि तेथे अडकून पडते. आपल्या शरीरातल्या भक्षक पेशी ते परके समजून गिळू लागतात. गिळता गिळता त्या स्वतःच इतक्या फुगतात की सूक्ष्मदर्शकाखाली साबणाच्या फेसासारख्या दिसतात. अशा पेशी मरतात, त्यांचा ढीग साचतो, त्यावर तंतूंचे टोपण बसते, पुढे त्यात चुना साठतो. आणि एके दिवशी हे टोपण फुटले, तर त्या जागी रक्ताची गुठळी होऊन रोहिणी काही मिनिटांत बंद पडते. हृदयाच्या रोहिणीत हे घडले तर हृदयविकाराचा झटका, मेंदूच्या रोहिणीत घडले तर पक्षाघात.

कोलेस्टेरॉलचा हा संबंध रशियन शास्त्रज्ञ निकोलाय आनिचकोव्ह यांनी १९१३ साली सशांवर दाखवला होता. त्यांनी सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले शुद्ध कोलेस्टेरॉल सशांना चारले आणि त्यांच्या रोहिण्यांत तोच पिवळा लगदा तयार झाला. माणसात त्याच्या जोडीला तंबाखू, वाढलेला रक्तदाब, मधुमेह अशी आणखी मंडळी येतात.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. चिनी वनौषधी कठीण होणाऱ्या रोहिण्यांचे रक्षण करतात, असे दावे अलीकडे वरचेवर वाचायला मिळतात. ते ऐकून लोकांचे सरळ दोन तट पडतात. एक तट म्हणतो, “हजारो वर्षे लोक घेत आले, म्हणजे गुण असणारच, आणि झाडपाल्याचे असल्यामुळे अपाय तर मुळीच नाही.” दुसरा तट म्हणतो, “जुनाट खुळे! यात शास्त्र कसले?” मला दोन्ही तट सारखेच आळशी वाटतात. दोघांनीही तपासणीचे कष्ट टाळलेले आहेत. माझ्या मते औषध जुने आहे की नवे, झाडाचे आहे की कारखान्यातले, यावरून त्याच्या गुणाविषयी काहीच ठरत नाही. जुन्या ग्रंथातून आपल्याला एक चांगला प्रश्न मिळू शकतो. उत्तर मात्र मोजूनच मिळवावे लागते. हे मी का म्हणतो, ते सांगण्यासाठी एका लाल तांदळाला साक्षीला बोलावतो.

कोकणात खातात तो लाल तांदूळ हा नव्हे बरे का! आपल्या लाल तांदळाच्या कोंड्यालाच लाल रंग असतो. चीनमधला हा तांदूळ मुळात पांढराच असतो. तो शिजवून त्यावर मोनॅस्कस नावाची बुरशी वाढवतात. आपण इडलीचे पीठ आंबवतो त्याचाच हा दूरचा भाऊबंद. काही दिवसांत बुरशी दाण्याच्या आतपर्यंत शिरते आणि दाणा गर्द लाल होतो. मग तो वाळवतात. चिनी भाषेत त्याला ‘होंगचू’ म्हणतात. खाद्यपदार्थांना रंग आणण्यासाठी, मद्य तयार करण्यासाठी आणि औषध म्हणूनही तो शतकानुशतके वापरात आहे. ली शिझेन या थोर चिनी वैद्याचा ‘बेनकाओ गांगमु’ हा औषधी द्रव्यांचा ग्रंथ १५९६ साली छापून निघाला. सुमारे १,९०० द्रव्यांची माहिती देणाऱ्या या ग्रंथात लाल तांदळालाही जागा आहे. पचन सुधारावे, रक्ताचे चलनवलन नीट व्हावे, अशा कामांसाठी तो सांगितला आहे. कोलेस्टेरॉलचा उल्लेख त्यात असणे शक्यच नव्हते, कारण ते द्रव्यच त्या वेळी कुणाला ठाऊक नव्हते.

आता चीनमधून जपानमध्ये येऊ आणि विसाव्या शतकात येऊ. अकिरा एन्डो हे उत्तर जपानमधल्या शेतकरी कुटुंबातले. लहानपणापासून त्यांना अळंब्यांचे आणि बुरशांचे वेड. पेनिसिलिनचा शोध लावणारे फ्लेमिंग हे त्यांचे आदर्श. एका औषध कंपनीत काम करताना त्यांच्या मनात एक विचार आला. आपले यकृत स्वतःच कोलेस्टेरॉल तयार करते आणि त्या कामात एक विकर, म्हणजे एन्झाइम, कळीचे असते. ते विकर अडवले तर कोलेस्टेरॉलची निर्मिती मंदावेल. आता, पुष्कळशा सूक्ष्मजीवांनाही जगण्यासाठी कोलेस्टेरॉलसारखी द्रव्ये लागतात. मग शेजारच्या सूक्ष्मजीवांना मारण्यासाठी एखादी बुरशी नेमके हेच विकर अडवणारे विष तयार करत नसेल कशावरून?

केवळ या तर्काच्या आधारावर एन्डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली बुरशा तपासायला सुरुवात केली. एक नाही, दोन नाही, ६,००० हून अधिक! आधी त्यांना एका सूक्ष्मजीवात सिट्रिनिन नावाचे द्रव्य सापडले. ते विकर चांगले अडवी, पण मूत्रपिंडाला घातक होते. ते सोडून द्यावे लागले. (हे नाव लक्षात ठेवा. ते पुन्हा भेटणार आहे.) पुढे १९७३ साली क्योटोमधल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावर वाढलेल्या निळसर-हिरव्या बुरशीत त्यांना हवे ते द्रव्य मिळाले. त्याचे नाव कॉम्पॅक्टिन.

मग उंदरांवर प्रयोग झाला, आणि उंदरांचे कोलेस्टेरॉल ढिम्म हलले नाही. कंपनीत प्रकल्प गुंडाळण्याची भाषा सुरू झाली. तेव्हा एन्डो यांनी एका सहकाऱ्याच्या मदतीने अंडी घालणाऱ्या कोंबड्यांवर ते औषध वापरून पाहिले. अंड्यात कोलेस्टेरॉल भरपूर, तेव्हा कोंबडीच्या रक्तातही ते भरपूर असणार, असा साधा हिशेब. कोंबड्यांचे कोलेस्टेरॉल चांगलेच उतरले. एकाच द्रव्याने उंदीर हलत नाही आणि कोंबडी हलते, हे तुम्ही पक्के ध्यानात ठेवा. ‘अमुक वनस्पतीने उंदरांच्या रोहिण्या साफ झाल्या’ अशी बातमी वाचाल तेव्हा ते उपयोगी पडेल.

यानंतर गोष्टीने मोठी गमतीची कलाटणी घेतली. १९७९ साली एन्डो यांना मोनॅस्कस बुरशीतूनही असेच एक द्रव्य मिळाले. त्यांनी त्याला मोनॅकोलिन के असे नाव दिले. त्याच सुमारास अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी मातीतल्या दुसऱ्याच एका बुरशीतून लोव्हास्टॅटिन नावाचे द्रव्य काढले होते. दोन्हींची रचना ताडून पाहिली, तर ती तंतोतंत सारखी! लोव्हास्टॅटिनला अमेरिकेत १९८७ साली औषध म्हणून परवानगी मिळाली. आज तुमच्या आजोबांच्या डब्यात ॲटोर्व्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिनची गोळी असेल, तर ती याच घराण्यातली. एन्डो २०२४ साली वारले.

म्हणजे पाहा, ज्याला लोक ‘रासायनिक गोळी’ म्हणून नाक मुरडतात तिचा पूर्वज एक बुरशी आहे. आणि ज्याला ‘नैसर्गिक’ म्हणून डोक्यावर घेतात त्या लाल तांदळात तेच रसायन आहे. शरीराला त्या दोहोंतला फरक कळत नाही. यकृतातले विकर रेणूचे पारपत्र विचारत नाही.

पण रेणू सापडला म्हणून माणूस वाचतो असे होत नाही. पेल्यातल्या पेशीला हृदयविकाराचा झटका येत नाही, तो माणसाला येतो. म्हणून माणसांवर चाचणी घ्यावी लागते, आणि तीही नीट. चीनमध्ये लाल तांदळापासून शुएझिकांग नावाचे शुद्ध केलेले, ठरावीक प्रमाणाचे औषध तयार करण्यात आले. १९९६ पासून ६५ रुग्णालयांतल्या ४,८७० रुग्णांवर त्याची चाचणी घेतली गेली. हे सर्व रुग्ण एकदा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला शुएझिकांग दिले, दुसऱ्याला हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली कॅप्सूल. आपल्याला कोणती मिळते हे रुग्णाला माहीत नव्हते आणि देणाऱ्या डॉक्टरलाही नव्हते. सरासरी साडेचार वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले.

औषध नसलेल्या कॅप्सूलच्या गटात दर १०० पैकी १०.४ जणांना पुन्हा झटका आला किंवा हृदयरोहिणीच्या विकाराने मृत्यू आला. शुएझिकांगच्या गटात हेच प्रमाण ५.७ होते.

शिक्षकांना माझी विनंती आहे की हे दोन आकडे त्यांनी फळ्यावर लिहावेत आणि मुलांना हिशेब करू द्यावा. १०.४ वरून ५.७ म्हणजे शेकडा ४५ ने घट. जाहिरातवाला हाच आकडा मोठ्या अक्षरांत छापील. आता वजाबाकी करा. १०.४ उणे ५.७ बरोबर ४.७. म्हणजे १०० रुग्णांनी साडेचार वर्षे औषध घेतले तेव्हा ४.७ जणांवरचे संकट टळले. १०० ला ४.७ ने भागा, साधारण २१ येतील. २१ जणांनी साडेचार वर्षे नेमाने कॅप्सूल घेतल्या, तेव्हा एकाचा झटका किंवा मृत्यू टळला. दोन्ही हिशेब खरे आहेत. २१ मध्ये १ हा आकडा लहान वाटत असेल, तर सांगतो, हृदयविकाराच्या औषधांत तो फार चांगला समजला जातो. पण ‘लाल तांदूळ खा आणि रोहिण्या साफ करा’ या घोषणेपेक्षा तो किती वेगळा आहे तेही दिसते. शिवाय ही सर्व माणसे आधीच एक झटका येऊन गेलेली होती. ज्याला काहीही झालेले नाही अशा निरोगी माणसाला यातून किती लाभ होईल, ते या आकड्यांवरून काढता येत नाही.

तेव्हा लाल तांदूळ पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झाला. तो जुना आहे म्हणून उत्तीर्ण झाला नाही. ४,८७० माणसांची काटेकोर मोजदाद झाली म्हणून झाला.

आता त्याच साक्षीदाराची उलटतपासणी. चाचणीतल्या रुग्णाच्या पोटात दिवसाला सुमारे १० ते १३ मिलिग्रॅम लोव्हास्टॅटिन जात होते, आणि रोज तितकेच जात होते. दुकानात ‘लाल यीस्ट तांदूळ’ म्हणून मिळणाऱ्या डब्यांचे काय? अमेरिकेत बाजारातल्या अशा १२ उत्पादनांची तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. एका कॅप्सूलमध्ये मोनॅकोलिन के किती, तर एका उत्पादनात ०.१ मिलिग्रॅम आणि दुसऱ्यात १०. म्हणजे शंभर पटींचा फरक! तुम्ही चहात एक चमचा साखर घालायला सांगावी आणि कुणी चार दाणे, तर कुणी शंभर पट, असला हा प्रकार. आणि १२ पैकी ४ उत्पादनांत सिट्रिनिनही निघाले. होय, तेच सिट्रिनिन, जे मूत्रपिंडाला घातक म्हणून एन्डो यांनी टाकून दिले होते. मोनॅस्कस बुरशीच्या काही जाती तेही तयार करतात.

मार्च २०२४ मध्ये याहून भयंकर घटना घडली. लाल तांदळाला जपानी भाषेत बेनी-कोजी म्हणतात. तेथील एका कंपनीला बेनी-कोजीच्या कॅप्सूल बाजारातून परत मागवाव्या लागल्या. त्या घेणाऱ्या शेकडो लोकांची मूत्रपिंडे बिघडून त्यांना रुग्णालयात जावे लागले होते. तपासात आढळले, की कारखान्यात मोनॅस्कसच्या जोडीला दुसरीच एक निळी बुरशी शिरली होती आणि तिने प्युबेरुलिक आम्ल नावाचे विषारी द्रव्य तयार केले होते. ही माणसे कोलेस्टेरॉल कमी व्हावे, तेही ‘औषधाशिवाय’ व्हावे, म्हणून हौसेने त्या कॅप्सूल घेत होती.

आणि विष मिसळले नाही असे धरले, तरी मोनॅकोलिन के हे लोव्हास्टॅटिनच असल्यामुळे त्याचे अपायही लोव्हास्टॅटिनचेच असणार. काहींचे स्नायू दुखतात, क्वचित यकृताला त्रास होतो, गरोदर स्त्रियांना ते चालत नाही. म्हणून युरोपीय संघाने २०२२ साली नियम केला, की पूरक आहार म्हणून विकायच्या अशा मालात दिवसाच्या मात्रेमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा कमीच मोनॅकोलिन असावे. यातली गंमत तुमच्या ध्यानात आली का? गुण यावा इतके घातले तर ते औषध होते, आणि औषधाला डॉक्टरची चिठ्ठी लागते. अपाय होऊ नये इतके कमी घातले, तर चाचणीतला गुण कोठून येणार? ‘गुण औषधाचा, पण अपाय पाण्याचा’ असा माल बाजारात कुठेच मिळत नाही.

लाल तांदळावर मी इतका वेळ घालवला, कारण बाकीच्या चिनी औषधांविषयी सांगण्यासारखे पुरावे त्या मानाने थोडे आहेत. हुआंगलियान हे एका वनस्पतीचे पिवळे मूळ. चीनमध्ये ते हगवणीवर देत आले आहेत. त्यातले बर्बेरीन आपल्या दारुहळदीतही असते, तेव्हा आयुर्वेदाला ते परके नाही. चिनी शास्त्रज्ञांनी २००४ साली दाखवले, की बर्बेरीनमुळे यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडणारे ग्राहक वाढतात. ३२ रुग्णांनी ते तीन महिने घेतले तेव्हा त्यांचे एलडीएल सुमारे एक चतुर्थांशाने उतरले. स्टॅटिनपेक्षा ही वाट वेगळी आहे, म्हणून शोध महत्त्वाचा. पण ३२ माणसे आणि तीन महिने यांवरून झटके किती टळले ते कळत नाही. दानशेन या लाल मुळाचे तर चीनमध्ये प्रचंड प्रस्थ आहे. त्यातली द्रव्ये प्रयोगशाळेत एलडीएलचे ऑक्सिडीकरण रोखतात, उंदरांत दाह कमी करतात. पेला आणि उंदीर यांच्याविषयी मला काय वाटते ते तुम्हाला आता माहीत आहेच. त्याच दानशेनविषयी हाँगकाँगच्या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात एक गंभीर इशारा दिला होता. गुठळी होऊ नये म्हणून वॉरफॅरिन घेणाऱ्या रुग्णांनी दानशेनही घेतले, आणि दोहोंचा परिणाम एकत्र होऊन त्यांचे रक्त धोक्याच्या पातळीपर्यंत पातळ झाले.

‘चिनी औषधांना ही कसोटी ठीक आहे, पण आपली गोष्ट वेगळी,’ असे कुणी मनात म्हणत असेल, तर गुग्गुळाचे उदाहरण घ्या. सुश्रुतसंहितेत मेदाच्या विकारांवर गुग्गुळ सांगितला आहे. त्याचा धागा पकडून जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात सशांवर प्रयोग केले आणि १९६६ साली आपला प्रबंध सादर केला. ग्रंथातून प्रश्न घ्यायचा आणि प्रयोगशाळेत उत्तर शोधायचे, याचा हा उत्तम नमुना. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने गुग्गुळापासून औषध तयार केले आणि १९८० च्या दशकात ते भारतात विक्रीला आले. आपल्याकडच्या चाचण्यांत त्याने कोलेस्टेरॉल उतरलेले दिसले. मग अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवड्यांची चाचणी झाली. तिचा निष्कर्ष २००३ साली आला, तो उलटाच! गुग्गुळ घेणाऱ्यांचे एलडीएल शेकडा चार-पाचने वाढले, आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचे पाचने उतरले. काही जणांच्या अंगावर पुरळही उठले. आहार वेगळा, माणसे वेगळी, म्हणून असे झाले का? असेलही. पण ते सिद्ध करायचे तर पुन्हा चाचणीच घ्यावी लागेल, अभिमान पुरणार नाही. अभिमानच बाळगायचा तर मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचा बाळगा. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे त्यांनी रुग्णांच्या रक्तदाबाच्या नोंदी ठेवून १९४९ साली जगापुढे मांडले, आणि जगाने ते मानले.

एक अवघड प्रश्न राहतो तो मिश्रणांचा. पारंपरिक चिनी वैद्य सहसा एकच मूळ देत नाहीत, अनेक द्रव्यांचा काढा किंवा पूड देतात. तोंगशिनलुओ हे असेच एक मिश्रण. त्यात जिनसेंगसारख्या वनस्पती आहेत, तशीच जळू, विंचू आणि गोम यांची पूडही आहे. (नाक मुरडू नका, पेनिसिलिनही बुरशीचेच होते.) हृदयविकाराचा तीव्र झटका आलेल्या ३,७७७ रुग्णांवर चीनमधल्या १२४ रुग्णालयांत त्याची चाचणी झाली आणि २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीचे सर्व उपचार दोन्ही गटांना दिले होतेच. ३० दिवसांत मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात अशी मोठी संकटे तोंगशिनलुओच्या गटात शेकडा ३.४ जणांवर आली, दुसऱ्या गटात ५.२ जणांवर. निष्कर्ष चांगला आहे, पद्धतही चोख आहे. पण डझनभर द्रव्यांपैकी काम कोणते करते आणि कोणते उगीच सोबतीला आहे, ते अजून उलगडलेले नाही. लाल तांदळात मोनॅकोलिन मोजता येते म्हणून प्रत्येक खेप सारखी आहे की नाही ते पाहता येते. येथे काय मोजणार? शिवाय चीनबाहेरच्या रुग्णालयांतही हाच प्रयोग झाला पाहिजे. गुग्गुळाच्या बाबतीत देश बदलल्यावर काय झाले ते आपण पाहिले. तोपर्यंत मी या औषधाला ‘आशादायक’ म्हणेन, त्यापुढे जाणार नाही.

आता तुमच्या घराकडे येऊ. पुष्कळ घरांत असे होते, की आजोबा किंवा वडील हृदयविकाराची गोळी घेत असतात, आणि कुणी पाहुणा एखादे चूर्ण, आसव किंवा परदेशातून आणलेल्या ‘हर्बल’ कॅप्सूल देऊन जातो. मग एकतर गोळी बंद होते, किंवा दोन्ही सुरू राहतात. डॉक्टरना दोन्ही गोष्टी सांगितल्या जात नाहीत. ते रागावतील अशी भीती वाटते. गोळी बंद केली की एलडीएल काही आठवड्यांत पुन्हा पहिल्या जागी येते, आणि बाहेरून काहीच जाणवत नाही. स्टॅटिनच्या गोळीबरोबर लाल तांदळाच्या कॅप्सूल घेतल्या, तर नकळत एकाच प्रकारच्या औषधाची दुहेरी मात्रा होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर दानशेन घेतले तर काय होते, ते वर सांगितलेच आहे.

घरात इंग्रजी लेबल वाचता येणारे बहुधा तुम्हीच असता. तेव्हा असा डबा दिसला की त्याच्यावरचे बारीक अक्षर वाचा. द्रव्याचे नाव दिले आहे का? एका मात्रेत किती मिलिग्रॅम, ते दिले आहे का? कोणत्या खेपेचा माल, कोठे तयार झाला, कधीपर्यंत वापरायचा, हे दिले आहे का? कागदावर ते उतरवून काढा. आणि पुढच्या खेपेला आजोबा तपासणीला जातील, तेव्हा त्यांच्या पिशवीत गोळ्यांच्या पाकिटांबरोबर तो डबाही टाका.